हजेरीपटावरचे अल्फा आणि बीटा

माझ्या धाकट्या बहिणीच्या स्तनातल्या गाठीचा रिपोर्ट भाच्याने पुण्याहून पौडला आणला. ‘ई.आर. पॉझिटिव्ह’. करोनापासून पॉझिटिव्ह म्हटले की आमच्याकडे चेहरेच पडतात! बहिणीची तर तव्यावरची भाकरी करपली.

भाच्याने सांगितले, मावशी, ही त्यातल्या त्यात बरी बातमी. ई.आर. म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर. पेशीच्या केंद्रकातले हे प्रथिन. इस्ट्रोजेन येऊन चिकटले की ते ठराविक जनुकांना कामाला लावते, आणि अशी गाठ त्यावरच पोसते. म्हणजे इस्ट्रोजेन तोडले की तिची उपासमार! गाठीच्या पातळ कापावर अँटिबॉडी लावून रंग चढवला की अशी केंद्रके तपकिरी दिसतात.

गंमत पुढेच आहे. १९९६ साली स्वीडनमध्ये या प्रथिनाचे भावंड सापडले, तेही उंदराच्या प्रोस्टेट ग्रंथीत. मग जुने झाले अल्फा, नवे बीटा. अल्फाचा मुक्काम मुख्यतः गर्भाशयात आणि स्तनात. बीटा मात्र पुष्कळ ठिकाणी सापडल्याचे लोक लिहीत गेले. २०१७ साली स्वीडनमध्येच १३ अँटिबॉडी तपासल्या, तर खरी एकच निघाली! वर्गात गैरहजर पोराच्या नावाला दुसराच ‘हजर’ म्हणतो ना, तसे. नीट हजेरी घेतल्यावर बीटा अंडाशय, वृषण अशा मोजक्याच जागी उरले, स्तनात नाही.

रिपोर्टातले ई.आर. अल्फाच. त्याची हजेरी पक्की. बहिणीला इस्ट्रोजेन कमी करणारी गोळी दिली आहे, रोज एक, पाच वर्षे. ती कालनिर्णयवर टिक करते.