अर्धा इंच जागा

यंत्रांशी माझे कधी जमले नाही. सायकलची चेन पडली तरी ओळखीचे कोणी भेटते का, ते पाहत मी रस्त्यात उभा राहतो. दहावीला विज्ञानात जेमतेम पास झालो आणि त्या विद्येला तेथेच नमस्कार केला. असे असूनही गेल्या दिवाळीआधीचा एक अख्खा रविवार मी गाडीच्या बोनेटात डोके घालून काढला, याचे माझे मलाच नवल वाटते.

गाडी कसली म्हणा! सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून छोटी जीप केली, दुचाकीसारखी किक मारून चालू होणारी. २०२१ च्या डिसेंबरात तिचे देशभर कौतुक झाले. ती रस्त्याच्या नियमांत बसणारी नव्हती. तेव्हा तिच्या बदल्यात आनंद महिंद्रांनी पुढच्याच महिन्यात त्यांना बोलेरो दिली. ही बातमी आमच्या शिरूर कासारच्या एका मिस्तरीच्या मनात घर करून बसली. त्याच्या वडिलांचे गुडघे उसाच्या मोळ्या वाहून वाहून गेलेले. त्यांना शेताच्या वाटेने ने-आण करायला त्याने जुन्या जीपचे इंजिन घालून एक छोटी गाडी जुळवली. हा मिस्तरी माझा जुना विद्यार्थी.

गाडी चाले, पण इंजिन सावकाश फिरू लागले की दिवे मिणमिणत. जुना डायनामो कमी फेऱ्यांवर फारशी वीज देत नाही. म्हणून त्याने भंगारातून अल्टरनेटर आणला होता. दोन्हींचे मूळ एकच. चुंबक आणि तारेचे वेटोळे यांच्या हालचालीतून वीज निर्माण होते, हे फॅरडेने १८३१ साली दाखवले. डायनामोत वेटोळे फिरते. अल्टरनेटरमध्ये चुंबक फिरते, वेटोळे जागच्या जागी राहते, आणि उलटसुलट वाहणारी वीज डायोड एका दिशेला लावून देतात. म्हणून तो संथ फेऱ्यांवरही बॅटरी भरतो. १९६० नंतर मोटारी हळूहळू त्याच्याकडे वळल्या. हे सारे त्याने मला पाना फिरवता फिरवता सांगितले. मी मुकाट्याने मान डोलावीत होतो.

पण अल्टरनेटर डायनामोपेक्षा आखूड असला तरी अंगाने जाड. एकीकडे इंजिन, दुसरीकडे स्टिअरिंगचा दांडा, पुढे रेडिएटर. अर्धा इंच कमी पडत होता.

"हाण की एक हातोडा!" मी म्हणालो.

"गुरुजी, घुसवायचं नसतंय," तो हसून म्हणाला. "जागा करायची असती."

आधी त्याने बॅटरीची तार सोडवली. मग माझ्या पिशवीतल्या एका जुन्या वहीचा पुठ्ठा मागून घेतला, तो कापून त्या फटीत धरला, पुन्हा कापला. पुठ्ठा नीट बसला तेव्हा त्यावरून लोखंडी पट्टीचे नवे ब्रॅकेट केले. पाण्याचा पाइप थोडा वळवला. इंजिन चालताना थरथरते, म्हणून सगळीकडे बोटभर मोकळीक ठेवली. पुल्या एका रेषेत आहेत का, ते पट्टी लावून पाहिले. त्या वाकड्या असल्या तर पट्टा झिजतो, उडतोही. शेवटी अंगठ्याने पट्टा दाबला. अर्धा इंच दबला. गाडी सुरू केली आणि मीटरने जवळजवळ चौदा व्होल्ट दाखवले. ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याने हात जोडले. कोणाला, कोण जाणे.

आणि मला एकदम आठवले. वीसेक वर्षांपूर्वी, मी नवाच मास्तर असताना, याच म्हाताऱ्यापुढे मी उभा होतो. दिवाळी आली की मुकादमाची उचल घेतलेली आमच्याकडची माणसे कोयते बांधून कारखान्यांकडे निघतात. हा पोरगाही आईबापांबरोबर जाई आणि पाडव्याच्या सुमारास परते. तोवर वर्ग कितीतरी पुढे गेलेला. मी बापाला सांगितले होते, "हा या वर्गात बसायचा नाही. कामाला लावा." म्हाताऱ्याने तेव्हाही हात जोडले होते.

पुठ्ठा कापून पाहायचे मला तेव्हा सुचले नव्हते. मी मुलाकडे पाहिले, फट मोजलीच नाही.

हे मी त्याला बोलून दाखवले. तो हात पुसत म्हणाला, "जाऊ द्या गुरुजी. चहा घ्या."

त्या संध्याकाळी मी घरी न जाता माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या दारी गेलो. दारात बोचकी बांधलेली होती. बरीच बोलाचाली झाली. शेवटी तिला आजीजवळ ठेवायचे ठरले, मात्र तिच्या अभ्यासाकडे पाहणारे कोणी हवे होते. मी संध्याकाळी कादंबरी लिहायला बसतो. ती वेळ थोडी सरकवली. कादंबरी रेंगाळली आहे खरी, पण सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा मुलगी वर्गात होती.