पाणी बाहेर पडतंय का?

सुट्टीत मुलाला घेऊन माहेरी रत्नागिरीला गेले होते. तो दिवसभर लॅपटॉपवर 'स्टॉर्मवर्क्स' खेळायचा. या खेळात बोट किंवा हेलिकॉप्टर स्वतः बांधायचं आणि समुद्रात अडकलेल्यांना सोडवायचं. इंजिनसुद्धा सिलिंडर, क्रँकशाफ्ट, पंप, पाइप जोडून उभं करावं लागतं. ते थंड ठेवायची सोय चुकली की पेट घेतं. त्याच्या बोटीचं तीन दिवस तेच चाललं होतं. पंप बदलला, मग दुसराही लावला. फरक नाही.

अब्बा बाजूच्या खाटेवर पडले होते. तीस वर्षं मच्छिमार बोटींवर इंजिन सांभाळलेला माणूस. त्यांनी विचारलं, "काय जळतंय रे सारखं?"

"नाना, तुम्हाला नाही कळणार. गेम आहे हा."

"इंजिनच आहे ना? पाणी बाहेर पडतंय का बघ."

समुद्राचं पाणी तळातून आत ओढायचं, इंजिनाची उष्णता त्याला द्यायची आणि बाहेर सोडायचं. खेळात तेच, खऱ्या बोटीतही तेच. त्यामुळे बाहेर पडणारी धार आधी बघायची. मुलानं बघितलं. धार तुटत होती.

"उभी असताना तापतं की पळताना?"

"पळताना."

"मग पळाली की नाळ वर उठते. तुझं पाणी घ्यायचं तोंड पुढे असणार. हवा खातंय ते."

होतंच पुढे. मुलानं ते मागे, अगदी तळाशी नेलं. बोट सुसाट सुटली आणि तापमानाचा आकडा जागचा हलला नाही. त्यानं खुर्ची ओढली आणि नानांच्या खाटेला लावली.

मी चहा घेऊन दारात उभी होते. शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे मी नेहमी 'नोकरी' एवढंच लिहायचे. कुठली, ते कुणी विचारू नये म्हणून.

"अब्बा, भर समुद्रात पाणी बंद झालं तर?"

"बहुतेक प्लास्टिकची पिशवी अडकलेली असायची. इंजिन बंद करायचं, कमरेला दोर बांधून खाली उतरायचं."

"कोण उतरायचं?"

"इंजिन ज्याच्याकडे, तो."

रात्री-बेरात्री, पावसाळ्याच्या तोंडावरसुद्धा. आम्ही इकडे झोपलेलो असायचो. सकाळी मासळीची टोपली यायची आणि अब्बा न बोलता झोपायला जायचे. मी त्यांना काही विचारायला पंचेचाळीस वर्षं घेतली. चहा गार झाला होता, तो पुन्हा गरम करून आणला आणि मीही खाटेवर बसले.