शिवणीचं तोंड मागे

उघड्या टपाची जुनी गाडी म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे सिनेमातली लांबलचक लाल मोटार येते. तशी एखादी मुंबईहून कुणा हौशी शेठची माझ्याकडेही येते, नाही असं नाही. पण माझं पोट चालतं ते जीपचे हूड, म्हणजे कापडी टप, शिवण्यावर. महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली. त्या घराण्यातल्या सीजे-३बी, पुढे एमएम ५४०, मग कमांडर, या गाड्यांनी किन्हवली, डोळखांब, धसई, टोकावडे ही आमच्याकडची गावं बाजाराला आणि स्टेशनाला जोडून ठेवली. आत माणसं, मागे लोंबकळणारी माणसं, भाताची पोती, म्हशाच्या जत्रेची गर्दी. आता प्रवासी वाहतुकीला नव्या गाड्या आल्या. उरलेल्या जीपा फार्महाऊसवाल्यांच्या नाहीतर हौसेखातर सांभाळणाऱ्यांच्या.

गिऱ्हाईक आलं की पहिलं बोलणं कापडाचं. "दादा, भारीतलं टाका, पैशाकडे बघू नका." मी म्हणतो, आधी जुना हूड उतरवू, सांगाडा बघू. निम्मे हूड गळतात ते वाकड्या पाईपांमुळे. मागे लोंबकळून, फांद्यांना घासून, कधी कुणी टपावर सामान ठेवून कमानी एका अंगाला झुकलेल्या असतात. काचेच्या चौकटीच्या एका कोपऱ्यापासून मागच्या कमानीच्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत टेप धरायचा, मग उलट बाजूने. दोन्ही मापं जुळली नाहीत तर कितीही महाग कापड टाका, तिरकी घडी पडणार आणि त्या घडीत पाणी साचणार. पाईपाचा गंज घासून रंग मारला नाही तर तो नव्या कापडाला आतून खातो, ते वेगळंच.

दुसरी गोष्ट, जुना हूड उसवून त्यावरच नवा बेतणं. सगळे तेच करतात, मीही त्याचा आधार घेतो, पण नुसत्या आधारापुरता. सुती कॅनव्हास पाण्याने आटतो. रेक्झिन उन्हाने ताणलं जातं. दहा-बारा वर्षं वापरलेला तुकडा मूळ मापाचा राहिलेला नसतो. खरं माप गाडीवर घ्यायचं. सुती कापड असेल तर कापण्याआधी भिजवून वाळवायचं, नाहीतर पहिल्याच पावसात ते आखडतं आणि बटणं घरापर्यंत पोचत नाहीत.

आता शिवण. समोरून पाऊस मारतो आणि गाडी त्या पावसात घुसते. म्हणून पुढचा पट्टा वर, मागचा खाली आणि जोडाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला. कौलं शाकारताना वरचं कौल खालच्यावर चढतं तसंच. दोन्ही कडा एकमेकींत दुमडून वर दुहेरी टीप घालायची. तोंड पुढे राहिलं की वारा पाण्याला आत ढकलतो. दोराही तसाच बघून घ्यावा. आत पॉलिस्टर आणि वर सुताचं वेष्टण असलेला दोरा ओला झाला की फुगतो आणि सुईची भोकं बुजवतो. गुळगुळीत नायलॉनला ते जमत नाही. शिवाय उन्हात तो लवकर कुजतो. परदेशी मोटारींच्या टपाला तीन थरांचं कापड येतं: वर ॲक्रिलिक, मध्ये रबर, आत अस्तर. उत्तम असतं. पण जोड उलटा घातला तर तेही गळतं, हे मी मुंबईच्या एका गाडीवर पाहिलंय.

मागच्या पारदर्शक शीटचं दुखणं कायमचं. ऊन लागून ती पिवळी पडते, थंडीत दुमडली तर तडकते. हूड खाली पाडायचा असेल तर तिच्यामध्ये मऊ सुती कापड घालून गुंडाळा, घडी नको. आणि ओला हूड तसाच दुमडून ठेवाल तर बुरशी धरलीच म्हणून समजा. आमच्याकडे पाऊस वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास. तानसा, भातसा आणि वैतरणेची धरणं भरून मुंबईला पाणी पुरवणारा. त्याच्यापुढे कापडाला चोळलेल्या नुसत्या मेणाचं काही चालत नाही.

एक विनंती. हुडाचं काम असेल तर होळी झाली की गाडी आणा. चैत्र-वैशाखाच्या उन्हात रेक्झिन मऊ पडतं, ओढून ताठ बसवता येतं, आणि पावसाळी गारव्यात ते आणखी आवळतं. जूनमध्ये कापड दमट, शीट कडक, चिकटपट्टी धरत नाही. पहिली सर आली की दारात रांग लागते आणि सगळ्यांना उद्याच हवं असतं. त्या दिवसांत मी फक्त ठिगळं लावतो; नवा हूड शिवत नाही.