विहिरीवरची शिराझ

द्राक्षबागेचं आयुष्य आमच्याकडे बारा-पंधरा वर्षांचं धरतात. मग काडी बारीक निघू लागते, घड लहान पडतात, ओलांडे वाळतात आणि एके दिवशी बांधावर जेसीबी उभा राहतो. व्यापारी मण्याची जाडी मिलिमीटरमध्ये मोजतो. वेलीनं आजवर काय दिलं हे तो विचारत नाही, आणि त्यानं विचारावं तरी का? म्हणून निफाड तालुक्यात, माझ्या आजोळी, 2002 साली लावलेली एक एकर शिराझ अजून उभी आहे म्हटलं की ऐकणाऱ्याला आधी ते खरं वाटत नाही, आणि खरं वाटलं की मामाची कीव येते.

2001 साली सरकारनं वाईन उद्योगाचं धोरण आणलं. विंचूरला वाईन पार्क झालं, गावोगाव बैठका झाल्या, करार झाले. मामानं चार एकर लावली. ना जीएच्या पाण्यात घड बुडवायचे, ना विरळणी, ना निर्यातीच्या पेट्या. मणी बारीकच हवा, फक्त साखर 23-24 ब्रिक्सला गेली पाहिजे. मामाच्या गळ्यात तुळशीची माळ. आजीनं विचारलं, "दारूची बाग लावतो व्हय रे?" मामा म्हणाला, "मी द्राक्षं लावतोय, आई. पुढचं करणारा करील." आजी दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

2008 च्या अखेरीला मंदी आली, मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली. कारखान्यांच्या टाक्या आधीच्याच वाईननं भरलेल्या. ज्याच्याशी मामाचा करार होता त्यानं पुढच्या हंगामात माल उचललाच नाही. घड वेलीवर सुकले. त्या एक-दोन वर्षांत आमच्या शिवारातल्या वाईनच्या बागा एकामागून एक निघाल्या. मामानंही तीन एकर काढून थॉम्पसन लावली. विहिरीवरचा एकर राहिला तो काही प्रेमापोटी नव्हे. तिथं हातभर मातीखाली मुरूम. थॉम्पसन तिथं धड आलीच नसती, आणि बाग काढायलाही पैसे लागतात.

पुढं मामेभावानं घरामागच्या शेडमध्ये स्वतःची छोटी वायनरी काढली. सहा स्टीलच्या टाक्या, चार ओकची पिंपं, लेबलं चिकटवायला मामी आणि वहिनी. ओढ्याकडच्या काळ्या जमिनीत त्यानं दोन एकर नवी शिराझ लावली. ती एकरी चार टन देते, विहिरीवरची दोनाच्या वर जात नाही. टनाला साडेसहाशे लिटर वाईन धरली तर हिशोब कुणालाही कळेल. शिवाय तेराशेंतल्या अडीचशे वेली खोडाच्या रोगानं गेलेल्या. गेल्या मार्चात तोडणी उरकल्यावर भावानं मला बोलावलं. "ताई, एप्रिलच्या छाटणीआधी ठरवायचंय. ठेवायची का काढायची, तू चाखून सांग."

मी नाशिकला एका प्रयोगशाळेत वाईन तपासायचं काम करते. चाखते ती थुंकते. मामीला हे कधीच पटलेलं नाही. "थुंकायचीच तर तोंडात घेती कशाला?"

'जुन्या वेलीची वाईन' असं बाटलीवर लिहायला सोपं असतं. ऑस्ट्रेलियातल्या बारोसा खोऱ्यात 35 वर्षं झाल्याशिवाय वेलीला जुनी म्हणत नाहीत. तिथं 1843 सालची शिराझ अजून फळ देते. पण तिथल्या वेलीला हिवाळ्यात झोप मिळते, वर्षातून एकदाच छाटणी. आमच्या हवेत वेल झोपतच नाही. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी. दोनदा कात्री आणि पीक एकच. विशी ओलांडलेली आमची वेल चाळिसावर छाटण्या सोसून उभी आहे. तिला म्हातारी म्हणायला माझी तरी हरकत नाही.

भावाला म्हटलं, मला सांगू नकोस कुठली कुठली ते. तीन पेले भर, दोनांत एक वाईन, तिसऱ्यात दुसरी. वेगळी कोणती ते मी ओळखते. रंगावरून कळू नये म्हणून स्टीलचे पेले घेतले. दोन्ही आदल्या हंगामातल्या, एकाच यीस्टनं आंबवलेल्या, सारख्याच जुन्या पिंपांत वर्षभर ठेवलेल्या. एकदा बरोबर आलं तर त्याला अर्थ नाही, तीनांत एक नशीब असतंच. म्हणून सहा वेळा. मामा पोत्यावर बसून खडूनं शेडच्या भिंतीवर रेघा मारत होता.

सहांत पाच बरोबर आल्या.

नवी वाईन तोंडात येताच बोलायला लागते. पिकलं जांभूळ, थोडी साखरेची आठवण, मग एकदम संपते. दहांतल्या आठांना तीच आवडेल, हे मी भावाला स्पष्ट सांगितलं. विहिरीवरची आधी काहीच सांगत नाही. मग काळी मिरी, करवंदाच्या सालीचा तुरटपणा, उन्हात तापलेल्या दगडावर पाणी पडल्यासारखा वास. थुंकल्यावरही ती बराच वेळ जिभेवर राहते. मणी बारीक, म्हणजे रसाच्या मानानं साल जास्त. रंग आणि तुरटपणा सालीतून येतो. मुळं मुरमाच्या भेगांतून खोल गेलेली, त्यामुळे फेब्रुवारीच्या उन्हातही पानं माना टाकत नाहीत आणि फळ सावकाश पिकतं.

मामानं एक पेला उचलला, नाकाशी धरला. वास घेतल्यानं माळ बाटत नाही म्हणे. तिन्ही हुंगून मधला पुढं सरकवला. "ही विहिरीवरची." बरोबर होतं. एकदाच केलं म्हणून मी ते मोजलं नाही, तर रुसला.

भावानं मात्र नेमका प्रश्न विचारला. "ताई, हे वय आहे का मुरूम? मुरमाचं असेल तर जुनी काढून तिथंच नवी लावतो. पाच वर्षांत तीच चव, वर टनेजपण."

याचं उत्तर पेल्यात नव्हतं. जमीन वेगळी आणि वयही वेगळं, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या. मी तसंच सांगितलं. मामी दारातून म्हणाली, "मग एवढी थुंकून काय निघालं?"

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मामा म्हणाला, "अडीचशे खड्डे रिकामे हायेत ना? त्यातच लाव नवी. याच वेलींची काडी घे. जमीन तीच, जात तीच. फरक राहिला तर वयाचा."

माझ्या प्रयोगशाळेत कुणाला इतकी सरळ चाचणी सुचली नसती. भावानं खिशातून मोबाइल काढला आणि नर्सरीवाल्याला डॉगरिजच्या अडीचशे खुंटांचा भाव विचारला.

सप्टेंबरात कलमं बांधली. काड्या मामानं स्वतः निवडल्या. त्यांना फळ धरायला दोन-तीन वर्षं जातील, आणि तोवर एकराला दोनच टन. विहिरीवरचा माल आता वेगळा भरायचा ठरलंय. भावाला लेबलवर इंग्रजीत काहीतरी हवं होतं. मामा म्हणाला, नुसतं 'विहिरीवरची' लिही. लेबलं दोन प्रकारची झाली म्हणून मामी सध्या दोघांवरही चिडून आहे.