वळणापलीकडचा कान

कुत्रा टेबलावर चढवला की मी आधी त्याचा कान उलटा करून हुंगते. निरोगी कानाला सांगण्यासारखा वास नसतो. उग्र, आंबूस वास आणि तपकिरी चिकट मळ असेल तर बहुधा मॅलॅसेझिया नावाचं यीस्ट माजलेलं असतं. पिवळट-हिरवा पू आणि कुबट वास असला की जिवाणूंची शंका येते. पिल्लाच्या कानात कॉफीच्या पुडीसारखा काळा, कोरडा चुरा दिसला तर कानातले माइट्स. नाकाला आणि डोळ्यांना एवढं कळतं. खात्री मात्र मळ काचपट्टीवर घेऊन, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच होते. म्हणून दवाखान्यात येण्याआधी कान पुसू नका, असं मी सगळ्यांना सांगते. घाण कान दाखवायचा म्हणून लोकांना संकोच वाटतो, ते स्वच्छ करून आणतात आणि निदानाचा पुरावा घरच्या कचऱ्यात जातो.

माणसाच्या कानाची नळी साधारण सरळ आत जाते. कुत्र्याची आधी खाली उतरते आणि मग काटकोनात आत वळते. पडदा त्या वळणाच्या पलीकडे असतो, त्यामुळे वरून कितीही वाकून पाहिलं तरी दिसत नाही. ओटोस्कोप लावून कान हलकेच वर आणि बाहेर ओढावा लागतो, तेव्हा कुठे आतला राखाडी, पातळ पडदा नजरेस पडतो. इअरबड घरात वापरू नका असं आम्ही कळवळून सांगतो ते याच वळणामुळे. बडाच्या टोकाला थोडा मळ लागून येतो, साफ केल्याचं समाधान मिळतं, पण उरलेला मळ खाली ढकलला जाऊन वळणाशी ठासून बसतो.

खरं तर कान स्वतःला साफ करत असतो. नळीतली त्वचा पडद्याकडून बाहेरच्या दिशेने हळूहळू सरकत वाढते आणि मेलेल्या पेशी, मळ सोबत घेऊन येते. ही यंत्रणा चालू आहे तोवर दर रविवारी आंघोळीबरोबर कानही धुवायचे, असं काही लागत नाही. आठवड्यातून एकदा कान उचलून पाहावं, हुंगावं, आंघोळीनंतर किंवा पोहून आल्यावर कोरडे करावेत, एवढं पुष्कळ झालं. निरोगी कान सारखा ओला केला तर आतली त्वचा भिजून हळवी होते. शिह त्झू किंवा पूडलच्या चांगल्या कानातले केस ग्रूमिंगच्या नावाखाली उपटणंही मला पसंत नाही. त्यानेच आत सूज येते.

मग कान वारंवार का वाहतो? नळीच्या आत त्वचाच असते, आणि दुखणं बहुतेक वेळा त्वचेचं असतं. एक लॅब्रेडॉर दर पावसाळ्यात कान घेऊन यायचा. मधल्या काळात मेडिकलमधून जुनेच ड्रॉप्स आणून घातलेले.

“डॉक्टर, रोज साफ करते हो मी त्याचे कान!” त्याच्या घरच्या काकू अगदी रडकुंडीला आल्या होत्या.

“काकू, तुमच्या करण्यात कमी नाही. मला सांगा, हा पंजे चाटतो का?”

“अहो, रात्रभर! झोपू देत नाही.”

मी पंजा उलटा केला. बोटांमधले फिकट केस लाळेने तांबूस झाले होते, पोटाशी लाली होती. दोन्ही कान, पंजे आणि पोट एकत्र आले की डोक्यात पहिलं नाव ॲलर्जीचं येतं. अन्नाची की धूळ-परागांची, हे शोधायला चिकाटी लागते. किमान आठ आठवडे ठरवून दिलेलं एकच अन्न. त्यात बिस्कीट नाही, आजोबांच्या ताटातला पोळीचा तुकडाही नाही. या लॅब्रेडॉरला अन्नाने फरक पडला नाही. खाजेवर नियमित औषध सुरू केलं, तेव्हा कान शांत झाले. पावसाळ्यातली दमट हवा यीस्टला मदत करते, पण दरवेळी पुन्हा सुरुवात होत होती ती ॲलर्जीमुळे.

डॉक्टरांनी साफ करायला सांगितलं असेल तर असं करा. औषधाची बाटली थोडा वेळ मुठीत धरा, गार द्रावणाने कुत्रा दचकतो. कानाची पाळी वर धरून नळी भरेल इतकं द्रावण सोडा. बाटलीचं टोक कानाला लागू देऊ नका. कानाच्या बुडाशी, जबड्याजवळ, अर्धा मिनिट चोळा. पचपच असा आवाज आला म्हणजे द्रावण खालपर्यंत पोचलं. मग त्याला मान झटकू द्या. मळ वर येतो. आपलं बोट सहज जाईल तेवढंच कापसाने टिपा, आणि लगेच आवडीचा खाऊ द्या.

कोमट तेल, हळद, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, माणसांचे ड्रॉप्स यांतलं काहीही घालू नका. पडदा फाटलेला असेल तर जेंटामायसिन किंवा क्लोरहेक्सिडीनसारखी औषधंही आतल्या कानाला इजा करू शकतात. कुत्रा बहिरा होतो, तोल जातो. मान एका बाजूला कललेली दिसली तर थांबू नका. आणि वास गेला म्हणून औषध मध्येच सोडू नका. वर्षानुवर्षं धुमसलेल्या कानाची नळी जाड, अरुंद आणि शेवटी कठीण होते. मग ती शस्त्रक्रियेने काढून टाकण्याखेरीज उपाय उरत नाही. अशी नळी हातात घेतली की फार वाईट वाटतं, कारण त्या कुत्र्याने किती काळ कळ सोसली ते तिच्यात दिसतं.

पावसाळा सरला की गवत वाळतं आणि कुसळं सुटतात. फिरून आल्यावर कुत्रा एकाएकी एकच कान खाली पाडून डोकं झटकू लागला तर कुसळ किंवा गोचीड आत असू शकते. त्याच दिवशी दाखवा. फार झटकल्याने पाळीतली रक्तवाहिनी फुटून कान फुग्यासारखा टम्म होतो, ते वेगळंच दुखणं मागे लागतं.

फटाक्यांसाठी कानात कापूस घालणारे पुष्कळ आहेत. त्याने आवाज फारसा अडत नाही. खिडक्या-दारं लावून आतल्या खोलीत त्याच्याजवळ बसणं अधिक उपयोगी. तरी घालायचाच असेल तर बोळा मोठा घ्या, बोटांत धरता येईल असा बाहेर ठेवा आणि फटाके थांबले की दोन्ही कानांतले बोळे आठवणीने काढा. खोल गेलेला बोळा कान वाहू लागल्यावरच सापडतो.