छत्तीस, त्रेसष्ट आणि मामा

सोमवारचा स्टेटस कॉल रंगात आला होता. मोबाइल थरथरला. ताई, धुळ्याहून. कट केला. पुन्हा आला. तिसऱ्यांदा मात्र मी कॉन्फरन्स रूममधून बाहेर सटकलो.

‘‘त्यांनी नाही म्हटलं रे,’’ एवढंच ती बोलली.

माझा भाचा तेव्हा आठवीत होता. बिघडलेला मिक्सर खोलून परत जोडणारा, सुटीत जळगावला आला की मेहरूण तलावावर मला पक्षी दाखवणारा. पण पुस्तक उघडलं की ‘घर’चं ‘धर’ व्हायचं आणि ‘भात’चा ‘मात’. याचं उतरवून होईपर्यंत बाई फळा पुसून मोकळ्या. शेवटी शाळेनंच सुचवलं, की अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र काढा, परीक्षेत जादा वेळ मिळेल. ‘तारे जमीं पर’ बघून आपण सगळे रडलो होतो ना, तेच हे.

तपासणी वीस मिनिटांत उरकली. वाचायला उतारा दिला तो इंग्रजी. पोरगा मराठी मीडियमचा! निकाल तोंडीच मिळाला: ‘‘घरी अहिराणी बोलता ना? म्हणून वाचन कच्चं. ट्यूशन लावा.’’

शुक्रवारी रात्रीची स्लीपर पकडून मी धुळं गाठलं. समोर चहा, मांडीवर लॅपटॉप. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा वाचायला घेतला. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. नव्यात २१ आहेत आणि त्यात अध्ययन अक्षमता आहे. कलम १७ मध्ये जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट अशा सवलती आहेत. कलम ५८ सांगतं, की प्रमाणपत्र नाकारायचं असेल तर तसं लेखी कळवा. आणि कलम ५९ म्हणजे अपील.

अपील म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर काळा कोट आणि तारीख पे तारीख. प्रत्यक्षात सुरुवात झाली एका साध्या अर्जानं: ‘नकार लेखी द्यावा.’ तो कागद मिळवायला ताईला तीन हेलपाटे पडले. पण कागद हातात आला आणि भांडायला काहीतरी मिळालं.

पहिला मुद्दा ताईच्या सासूबाईंनी दिला. अहिराणीच कारण असेल, तर याच घरातली याची चुलतबहीण पेपर घडाघडा कसा वाचते? बिनतोड! दुसरा मुद्दा, तपासणी शिक्षणाच्या भाषेत व्हायला हवी. तिसरा, जुन्या वह्या.

वह्या पोरानंच काढून दिल्या. पाचवीपासूनच्या. पानोपानी ३६ च्या जागी ६३. आता मराठी आकडे तसेही तिरपागडेच. लिहिताना आधी तीन, मग सहा. बोलताना आधी ‘छ’, मग ‘तीस’. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ असं वाचन दिलं, तेव्हा आलेले जोक्स मीही फॉरवर्ड केले होते. बाकीची मुलं दोन-तीन वर्षांत या घोळातून बाहेर पडतात. हा आठवीतही तिथेच अडकला होता.

आणि मग एक पान आलं. दिवाळीच्या सुटीतलं, जळगावचं. लाल पेननं लिहिलेलं: ‘लक्ष नाही. मूर्खपणा!’ अक्षर माझं होतं.

त्या दिवशी मी त्याच्यावर जोरात ओरडलो होतो. शेवभाजीचं ताट तसंच ठेवून तो गच्चीवर गेला होता. मी मागे गेलो, तर त्यानं विचारलं होतं, ‘‘मामा, मी ढ शे का?’’ मी हसून विषय बदलला होता.

ते पान बाजूला ठेवायचा मोह झाला. ताई काहीच बोलली नाही. शेवटी मी स्वतःच झेरॉक्सवाल्याकडे गेलो. अपिलाला २३ पानं जोडली. त्यातलं एक माझ्याविरुद्ध होतं.

पुढचे महिने फोन, फाइल आणि ‘उद्या या’ यातच गेले. फेरतपासणीचा आदेश आला. या वेळी मराठीतून, दोन दिवस, सगळ्या चाचण्या. प्रमाणपत्र मिळालं.

यंदा नववीच्या घटक चाचणीत त्याला तासाला २० मिनिटं जादा मिळाली. मार्क? अजून काठावरचेच. संध्याकाळी त्याचा फोन आला. मी मीटिंगमध्ये होतो. उचलला.

‘‘मामा, मी जादा वेळातली पाच मिनिटंच वापरली.’’

‘‘मग एवढं भांडलो कशाला रे?’’

‘‘घाई नव्हती ना, म्हणून सगळं वाचता आलं.’’

जरा थांबून मी म्हणालो, ‘‘आणि ऐक. गच्चीवर तू विचारलं होतंस ना, त्याचं उत्तर राहिलंय. नाहीस तू. मीच होतो.’’

पलीकडे तो खो खो हसत सुटला.