लेपर्ड गेकोचे बदलते रंग

लेपर्ड गेको अंड्यातून बाहेर येतो तेव्हा त्याच्या अंगावर नावाला साजेसा एकही ठिपका नसतो. जेमतेम तीन ग्रॅमच्या त्या पिल्लाच्या पाठीवर काळे-पिवळे आडवे पट्टे असतात. वाढत्या वयात ते तुटत, विरत जातात आणि मागे ठिपके उरतात. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या कोरड्या, खडकाळ मुलखातल्या या पालीचे हे मूळ रूप. (तिची एक नातलग जात, यूब्लेफारिस फस्कस, महाराष्ट्रातही रानात आढळते.) पाळणाऱ्यांनी, मुख्यतः अमेरिकेत, निवडक जोड्या लावून याच रूपातून कितीतरी प्रकार काढले. त्यांना मॉर्फ म्हणतात.

ठिपक्यांचा हिशेब सर्वांत सोपा. पूर्ण वाढलेल्या गेकोच्या धडावर दहापेक्षा कमी ठिपके असले तर तो हायपो, एकही नसला तर सुपर हायपो, आणि डोकेही कोरे असले तर बाल्डी. शेपटीचा निदान 15 टक्के भाग नारिंगी असेल तर कॅरट टेल. अर्थात हे पाळणाऱ्यांनी आपसात ठरवलेले माप. शिवाय पट्टेरी पिल्लू ‘सुपर हायपो’ म्हणून विकले जात असेल, तर ते निव्वळ भाकीत असते. शेपटी एकदा गळून पुन्हा आली की तिचा आकार आणि रंगकाम दोन्ही बदलतात, तेव्हा नव्या शेपटीवरून कॅरट टेल ठरवता येत नाही.

रंग पाहण्याची वेळही महत्त्वाची. कात टाकण्याआधी गेको पांढुरका, धुरकट दिसतो. मग तो नाकाशी सुटलेली कातडी खडबडीत दगडावर घासतो, तोंडात धरून मोज्यासारखी ओढतो आणि खाऊनही टाकतो. त्यानंतर लगेच दिसतो तो त्याचा सर्वांत उजळ रंग.

मोठेपणी सारखे दिसणारे प्रकार लहानपणी ओळखू येतात. मर्फी पॅटर्नलेस आणि ब्लिझर्ड हे दोन्ही प्रौढपणी बिननक्षीचे असतात. पण मर्फीचे पिल्लू डागाळलेले जन्मते आणि त्याचे डाग नंतर पुसट होतात. ब्लिझर्ड जन्मापासूनच कोरा असतो. मॅक स्नोची तऱ्हा उलटी. पिल्लू काळे-पांढरे असते, वयाबरोबर त्यावर पिवळेपणा चढतो आणि मोठा मॅक स्नो कधी कधी फिकट साध्या गेकोसारखा दिसतो. मॅक स्नोचा जनुक आई-बाप दोघांकडून मिळाला की सुपर स्नो होतो. त्याचे डोळे संपूर्ण काळे असल्याने तिथे मात्र गफलत होत नाही.

खरी कसोटी अल्बिनोंची. ट्रेम्पर, रेनवॉटर आणि बेल या तिन्ही वाणांत काळे रंगद्रव्य नसते. बेलच्या डोळ्यांत गुलाबी झाक अधिक असते असे म्हणतात, पण नुसत्या नजरेवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. थंड तापमानात उबवलेला ट्रेम्पर तर चॉकलेटी होतो आणि अल्बिनो वाटतच नाही. (याच तापमानावर पिल्लू नर होणार की मादी, हेही ठरते.) तिन्ही वाणांचे जनुक वेगळे असल्याने दोन वेगळ्या वाणांची जोडी लावली की पिल्ले साध्या रंगाची निपजतात. म्हणून अल्बिनो घेताना वंशावळीची नोंद मागायची असते.

दोन प्रकार त्यांच्या दुखण्यांसाठीही ओळखले जातात. एनिग्माच्या अंगावर विखुरलेली, अनियमित नक्षी असते. पण त्यातले अनेक गेको मान वाकडी करून गोल फिरतात आणि समोरच्या किड्यावरचा नेमही चुकवतात. लेमन फ्रॉस्ट या झळाळत्या पिवळ्या प्रकारात 80 टक्क्यांहून अधिक प्राण्यांना रंगपेशींच्या गाठी होतात. तो रंग आणि त्या गाठी, दोन्हींचा संबंध स्पिंट-1 या एकाच जनुकाशी असल्याचे 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. गाठी टाळून रंग तेवढा राखणे पैदास करणाऱ्यांना जमले नाही, आणि अनेकांनी या प्रकाराची पैदासच बंद केली.